डुलणारा दागिना घेताना कडी तपासा

नाशिकच्या सराफ बाजारात हाताने घडवलेले चांदीचे झुमके किंवा पैंजण घेताना नुसतं आरशात पाहू नका. मान वळवा, चार पावलं चाला. लोलक मोकळा डुलला पाहिजे, साडीच्या पदरात अडकता कामा नये. खरी मेख कडीत असते. कडीच्या सांध्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर फट आहे, तिथे डाग द्यायला, म्हणजे धातू वितळवून फट सांधायला सांगा. मी हे न पाहता घेतलेल्या पैंजणाची घुंगरं आठवड्यात गळाली, फार जीव हळहळला. शुद्ध चांदी मऊ, घासून लवकर झिजते. म्हणून सतत हलणाऱ्या दागिन्याला ९२५ची, म्हणजे ९२.५ टक्के चांदीची घडणच बरी. उरलेलं बहुधा तांबं असतं, त्यानेच कडीला बळ येतं.