थंडीत बाईक चालवताना चष्म्यावर वाफ धरू नये म्हणून काय करायचं

थंडीत पहाटे बाईक काढली की पहिल्या सिग्नललाच चष्मा पांढरा होतो, चालत्या गाडीवर ठीक असतं आणि थांबलं की काहीच दिसत नाही, हा अनुभव चष्मेवाल्या प्रत्येकाला असणारच. बहुतेकजण मग पहिल्यांदा वाफ न धरू देणारा स्प्रे आणायला धावतात. मीही तेच केलं होतं, पण आधी श्वासाचं बघायला हवं, स्प्रे नंतर.

आपण सोडतो तो श्वास साधारण ३४ डिग्रीचा असतो आणि बाष्पाने पुरता भरलेला असतो, तो गार काचेला लागला की बाष्पाचं पाणी होतं आणि त्याचे अगदी बारीक थेंब काचेवर बसतात. काच पांढरी दिसते ती ह्या थेंबांमुळे, कारण ते उजेड सगळीकडे फाकवतात (रात्री समोरच्या गाडीचा हेडलाईट आला की तर नुसता पांढरा गोळा दिसतो). म्हणजे एकतर श्वास काचेपर्यंत जाऊ द्यायचा नाही, नाहीतर थेंब बनू द्यायचे नाहीत.

श्वासासाठी हेल्मेटच्या आत नाकावर बसणारा ब्रेथ गार्ड मिळतो, तो श्वास खाली ढकलतो, स्वस्त वस्तू आहे पण फरक खूप पडतो. आणि तोंडावर रुमाल किंवा बालाक्लाव्हा (डोकं-तोंड झाकणारी कापडी टोपी) बांधत असाल तर खरा गुन्हेगार तोच, कारण कापडातून श्वास पुढे जायच्या ऐवजी नाकाच्या बाजूने वर चष्म्याकडे जातो. कापड नाकाच्या खाली ओढा, नाहीतर नाकावर दाबून बसणारी तार असलेला मास्क घ्या. हनुवटीखालचा चिन कर्टन, म्हणजे हेल्मेटच्या खालच्या कडेला लावायचं कापड, गार वारा अडवतो म्हणून थंडीत सगळे लावतात, पण त्याने आतली दमट हवाही आतच राहते, वाफ जास्त धरत असेल तर एक दिवस काढून बघा. हेल्मेटचे व्हेंट (हवा जायची भोकं) थंडी वाजते म्हणून बंद ठेवायचे नाहीत, निदान हनुवटीचा तरी उघडा ठेवा. थांबलात की व्हायजर (हेल्मेटची पुढची पारदर्शक काच) लगेच एक खटका वर करायचा, वाफ धरल्यावर नाही, आधीच. ही सवय लागली की अर्धा प्रश्न सुटतो.

आता काचेचं. भांडी घासायचा लिक्विड साबण किंवा बेबी शाम्पू, एकच थेंब, आतल्या बाजूने बोटाने पसरायचा, सुकू द्यायचा आणि मऊ कापडाने नुसता चमकेपर्यंत पुसायचा, धुवायचा नाही. साबणामुळे पाण्याचा थेंब न बनता पातळ थर पसरतो आणि त्यातून आरपार दिसतं. टिकतं मात्र थोडेच दिवस, पुन्हा करावं लागतं. टूथपेस्ट लावा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्यात घासणारे कण असतात, काचेवर चरे पडतात. अमोनियावाला ग्लास क्लीनर पण नको, पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचा व्हायजर त्याने खराब होतो. चष्म्यावर कोटिंग असेल तर काहीही लावायच्या आधी चष्मेवाल्याला विचारा.

व्हायजरसाठी सगळ्यात भारी उपाय पिनलॉक, म्हणजे आतून बसवायची दुसरी काच, मध्ये हवेचा थर राहतो त्यामुळे आतली काच तेवढी गार पडत नाही, शिवाय ती थोडा ओलावा शोषूनही घेते. पण व्हायजरला त्याच्या दोन पिना असाव्या लागतात, आणि कडेचं सिलिकॉन नीट चिकटलेलं नसेल तर दोन काचांच्या मध्येच वाफ धरते, मग ती पुसताही येत नाही आणि चिडचिड होते. पिना थोड्या फिरवून घट्ट करता येतात. आणि एक, पिनलॉक व्हायजरचा प्रश्न सोडवतो, चष्म्याचा नाही, हे मला पैसे घालवल्यावर कळलं.

चष्म्यासाठी सोपी गोष्ट म्हणजे निघायच्या आधी तो आतल्या खिशात ठेवायचा, काच कोमट असली की सुरुवातीची वाफ धरत नाही. हेल्मेटही रात्री बाहेर गाडीवर न ठेवता घरात ठेवा. चष्मा नाकावर जरा पुढे सरकवला तर मागून हवा खेळते, पण इतकाही नको की खड्ड्यात घसरेल. गॉगल घेणार असाल तर दुहेरी काचेचा आणि वर-खाली जाळी असलेला घ्या.

आणि पोचल्यावर उबदार खोलीत शिरलात की चष्मा परत पांढरा होणारच, तेव्हा घाईने शर्टाने घासू नका, दोन मिनिटात आपोआप जातो.