पोर्टलंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी: मित्रासोबत ब्रुअरी कशी पाहावी

हिल्सबरो, बीव्हरटन आणि पोर्टलंडच्या परिसरात नोकरीनिमित्त येणारी मराठी मंडळी घर, गाडी, मुलांची शाळा आणि किराणा या गोष्टी पहिल्या काही आठवड्यांत मार्गी लावतात. त्यानंतर शनिवारची दुपार मोकळी सापडू लागते आणि या शहरात लोक एकमेकांना भेटतात तरी कुठे, असा प्रश्न पडतो. जे बिअर घेतात त्यांच्यासाठी या प्रश्नाचे एक चांगले उत्तर इथल्या लहान ब्रुअऱ्यांमध्ये, म्हणजे बिअर बनवण्याच्या ठिकाणी, आहे. या ठिकाणी मोठा घोळका घेऊन जाण्यापेक्षा एकाच मित्रासोबत, हाताशी पुरेसा वेळ ठेवून जावे, असा माझा आग्रह आहे. दहाजणांच्या टेबलावर गप्पा ऑफिसच्या होतात आणि समोरच्या पेल्यात काय आहे याकडे कोणाचेच लक्ष राहत नाही. दोघे असले की काउंटरपाशी बसता येते, पेले वाटून घेता येतात आणि बिअर ओतून देणाऱ्या माणसाशी निवांत बोलता येते.

या शहराला बिअरचे इतके वेड का, हे समजून घेतले तर फिरण्याची गोडी वाढते. १९८५ पूर्वी पोर्टलंड ज्या राज्यात आहे त्या ऑरेगनमध्ये बिअर बनवणाऱ्याला स्वतःच्याच जागेत ती थेट ग्राहकाला विकता येत नव्हती. त्या वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला आणि मॅकमेनॅमिन बंधूंनी लगेचच हिल्सडेल भागात राज्यातील पहिला ब्रूपब सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी विडमर बंधू आणि ब्रिजपोर्ट यांनी आपापल्या ब्रुअऱ्या उभारल्या होत्या. यांपैकी ब्रिजपोर्ट २०१९ मध्ये बंद झाली, आणि गेल्या काही वर्षांत आणखीही कित्येक जुनी नावे मिटली आहेत. त्यामुळे कोणी सांगितलेल्या ठिकाणी निघण्यापूर्वी ते अजून चालू आहे ना, याची त्याच दिवशी खात्री करून घ्यावी. विडमर यांच्या हेफेवायझन या गढूळ दिसणाऱ्या गव्हाच्या बिअरची हकिकत इथे अनेकांना तोंडपाठ आहे. १९८६ मध्ये एका पबच्या मालकाने त्यांच्याकडे तिसऱ्या प्रकारची बिअर मागितली. त्यांच्याकडे पिंपे मोजकीच असल्यामुळे गव्हाची जी बिअर ते आधीच बनवत होते, तीच त्यांनी न गाळता भरून दिली. पुढे त्याच बिअरने त्यांना देशभर ओळख मिळवून दिली. जर्मन हेफेवायझनला यीस्टमुळे येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास हिला नसतो, कारण यीस्ट वेगळे आहे. जर्मनीत राहून आलेल्यांनी हे ध्यानात ठेवून ती चाखावी.

पाणी आणि हॉप, म्हणजे बिअरला कडवटपणा व सुगंध देणारी एका वेलीची फुले, ही दुसरी दोन कारणे. पोर्टलंडचे पाणी मुख्यतः बुल रन खोऱ्यातून येते. ते पावसाचे, अत्यंत मृदू आणि क्षार फार कमी असलेले पाणी आहे, त्यामुळे बिअर बनवणारा आपल्याला हवे ते क्षार त्यात हवे तेवढेच मिसळू शकतो. हॉपची शेती तर शहरापासून तासाभराच्या अंतरावर, विलॅमेट खोऱ्यात, उंच तारांवर वेल चढवून केली जाते. ज्या कॅस्केड नावाच्या हॉपने अमेरिकन पेल एल या प्रकारच्या बिअरला संत्र्यामोसंब्याच्या सालीचा गंध दिला, तो वाण कॉर्व्हॅलिस येथे ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटी आणि अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याच्या संशोधनातून तयार झाला आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. शेतीची आवड असलेल्या माणसाने ऑगस्टच्या अखेरीस त्या बाजूला एक चक्कर मारावीच. हॉपचा हिरवा कोन, म्हणजे शंकूसारखे फूल, तळहातावर चुरडला की आतली पिवळी, चिकट भुकटी बोटांना लागते, आणि आधी राळेसारखा व मग लिंबाच्या सालीसारखा वास कितीतरी वेळ हाताला येत राहतो. हा वास एकदा ओळखीचा झाला की पेल्यातल्या बिअरमध्ये तो आपोआप सापडू लागतो.

पहिल्या भेटीसाठी मी नवीन माणसाला पर्ल डिस्ट्रिक्टमधल्या डेशूट्सच्या पबमध्ये नेतो. ही ब्रुअरी मूळची बेंड या गावची, १९८८ सालची. पोर्टलंडचा पब २००८ मध्ये उघडला. तिथली ब्लॅक ब्यूट पोर्टर सुरुवातीलाच चाखावी असे मी म्हणतो, कारण काळी बिअर म्हणजे जड आणि कडक, ही भारतातून घेऊन आलेली समजूत ती एका घोटात दूर करते. पेला उजेडासमोर धरला की कडांना गडद तांबूस छटा दिसते. वास भाजलेल्या धान्याचा आणि किंचित कोकोचा येतो आणि पहिल्या घोटाला वाटते त्यापेक्षा ती बरीच हलकी असते. त्यानंतर ईशान्य भागातील डेकम रस्त्यावर २०१० मध्ये सुरू झालेली ब्रेकसाइड ब्रुअरी पाहावी. तिथली आयपीए (इंडिया पेल एल, हॉप भरपूर असलेली कडवट बिअर) घेतली की या भागातील लोकांना हॉपचा कडवटपणा एवढा का आवडतो, ते कळते. हिल्सबरोत राहणाऱ्यांना फार दूर जायचे नसेल तर मॅकमेनॅमिन्सचे कॉर्नेलियस पास रोडहाऊस जवळ आहे. एकोणिसाव्या शतकातल्या शेतघरात आणि त्याच्या मोठ्या झाडांच्या अंगणात बसायला मिळते, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्या अंगणाची सर कोणत्याही नव्या चकचकीत टॅपरूमला येत नाही, असे माझे मत आहे.

टॅपरूम म्हणजे ब्रुअरीची बिअर तिथेच बसून पिण्याची, बहुधा गोदामाच्या इमारतीत थाटलेली जागा असते: काउंटरमागे स्टीलच्या उंच टाक्या, ओली फरशी, समोर गॅरेजचे वर सरकणारे दार. त्या दिवशी बिअर शिजवली जात असेल तर आत पाऊल टाकताच गरम लापशीसारखा वास येतो. आत गेल्यावर मोठा पेला न मागवता 'टेस्टर' किंवा 'फ्लाइट' मागावी. फ्लाइटमध्ये चार ते सहा लहान पेले येतात आणि प्रत्येकात साधारण चार ते पाच औंस, म्हणजे १२० ते १५० मिलीलिटर बिअर असते. पाच औंसांचे चार पेले मिळून जवळजवळ ६०० मिलीलिटर होतात आणि हे पूर्ण पाइंटपेक्षाही जास्त आहे, म्हणून दोघांत एकच फ्लाइट घेणे पुरेसे असते. चाखताना फिकट आणि सौम्य बिअरपासून सुरुवात करावी, माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, गोडी असलेल्या बिअरकडे वळावे आणि आयपीए शेवटी ठेवावी, कारण तिचा कडवटपणा जिभेवर बसला की त्यामागून आलेली पिल्सनरसारखी सौम्य बिअर पाण्यासारखी लागते. मधूनमधून पाणी प्यावे. ते मागितले की विनामूल्य मिळते. दोघांनी आपापले मत आधी मनाशी ठरवावे आणि मगच बोलावे. माझा मित्र ज्या बिअरमध्ये चिंचेचा आंबटपणा शोधतो, त्याच बिअरमध्ये मला कच्च्या कैरीचा वास येतो, आणि अशा मतभेदावर आमचा अर्धा तास आनंदात जातो.

काउंटरपलीकडच्या माणसाला प्रश्न विचारण्याचा संकोच आपल्या लोकांमध्ये फार दिसतो. मागे रांग नसेल तर इथे प्रश्न विचारलेले आवडतात. मला कमी कडवट हवी आहे, किंवा पुण्यात गव्हाची बिअर प्यायची सवय होती, एवढे सांगितले तरी तो दोन घोट ओतून देतो आणि मग निवड करू देतो. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या तरुणांना ताज्या बिअरची ओळख आहेच, त्यामुळे संभाषणाला सुरुवात करायला ही माहिती उपयोगी पडते. शाकाहारी मंडळींनी मात्र तीन गोष्टी विचाराव्यात: बिअर निवळण्यासाठी माशापासून काढलेला आयसिंग्लास वापरला आहे का, फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच मांसही तळतात का, आणि बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का. मिल्क स्टाउट या काळ्या बिअरमध्ये दुधातली साखर असते, तेव्हा दूध न पचणाऱ्यांनी ती टाळावी.

ओळखपत्राशिवाय घराबाहेर पडू नये. वयाची अट २१ वर्षांची आहे आणि केस पांढरे झालेल्या माणसालाही ओळखपत्र मागितले जाते. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. ऑरेगनचा वाहन परवाना हातात येईपर्यंत पासपोर्ट जवळ ठेवावा, भारतीय परवाना चालत नाही. राज्यात विक्रीकर नसल्याने पाटीवरची किंमत हीच बिलाची रक्कम असते, पण बिलाच्या १५ ते २० टक्के टिप देणे ही रीत आहे आणि ती पाळावी.

आता ज्या एका बाबतीत मी कोणाचेही ऐकून घेत नाही, ती सांगतो: बिअर घेणार असाल तर गाडी घरीच ठेवा. इथली आयपीए अनेकदा ७ टक्क्यांच्या आसपास असते आणि पाइंट ४७३ मिलीलिटरचा असतो. हिशेब केला तर अशा एका पाइंटमध्ये भारतात मिळणाऱ्या पाच टक्क्यांच्या आतल्या ६५० मिलीलिटरच्या अख्ख्या बाटलीपेक्षा थोडे अधिकच मद्य असते. एक बाटली पचते म्हणून दोन पाइंट घेणारा माणूस आपल्या नकळत दुप्पट पिऊन बसतो. रक्तातील मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के आहे आणि त्याहून कमी प्रमाण असतानाही वाहनावरचा ताबा कमी झाल्याचे दिसले तर गुन्हा दाखल होऊ शकतो. व्हिसावर असलेल्यांचा धोका याहून मोठा आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते नुसत्या अटकेवरूनही, न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वी, व्हिसा रद्द करू शकते, आणि तसे झाले की पुढच्या भारतभेटीनंतर परतताना नव्याने अर्ज, वैद्यकीय तपासणी आणि अनिश्चित प्रतीक्षा वाट्याला येते. आईवडिलांच्या आजारपणात धावत जाता यावे असे ज्याला वाटते, त्याने हा धोका एका पेल्यासाठी पत्करू नये. हिल्सबरोहून मॅक्स या शहरी रेल्वेची ब्लू लाइन थेट शहरात जाते आणि तिथून पर्ल डिस्ट्रिक्टमध्ये स्ट्रीटकारने किंवा पायी पोहोचता येते. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ निघतानाच पाहून ठेवावी. अर्धवट उघडलेली बाटली किंवा कॅन गाडीत पुढे ठेवायलाही कायद्याने मनाई आहे, त्यामुळे घरी न्यायची बिअर बंद आणि डिकीतच असावी.

घरी नेण्यासाठी ग्राउलर, म्हणजे ६४ औंसांची काचेची मोठी बाटली, भरून मिळते. ती थंड ठेवावी, थोड्याच दिवसांत उघडावी, आणि एकदा उघडली की त्याच संध्याकाळी संपवावी, म्हणून चार पाहुणे येणार असतील तेव्हाच ती घेण्यात अर्थ आहे. एरवी कॅन बरे. आयपीएच्या कॅनच्या बुडावरची तारीख वाचावी. दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर ती परत ठेवावी, कारण हॉपचा सुगंध सर्वांत आधी उडतो.

वर्षभरात एकाच वेळी जायचे असेल तर सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ निवडा. एरवी हॉप वाळवून वापरतात. या दिवसांत मात्र तोडलेले ओले कोन शेतातून ट्रकने आणून बहुधा त्याच दिवशी टाकीत घालतात. त्या 'फ्रेश हॉप' बिअरला गवताचा, ओल्या पानांचा ताजा वास असतो आणि तो काही आठवड्यांतच मावळतो. श्रावण पाळणाऱ्यांचीही सोय होते, कारण बहुतेक वर्षी तोवर श्रावण संपलेला असतो. त्या दिवसांत एकाच हॉपची बिअर दोन ठिकाणी मिळाली तर दोन्हीकडे चाखावी, आणि कोन कोणत्या शेतातून आले हे काउंटरवर अवश्य विचारावे. शेताचे नाव आणि तोडणीचा दिवस बहुतेकांना ठाऊक असतो.