रोजचं मनन चालू आहे, तरी उत्तर सुचत नाही? या चुका टाळा

सकाळी मननपुस्तिका उघडायची, वर छापलेलं बायबलचं वचन आणि खालची गोष्ट वाचायची, छोटी प्रार्थना करायची आणि कामाला लागायचं. सवय चांगलीच आहे. तरीही वर्षानुवर्षं मनन करणारी माणसं घरातल्याच कॉलेजवयीन मुलाच्या श्रद्धेविषयीच्या प्रश्नापुढे गप्प होतात. गडबड बहुधा वाचायच्या पद्धतीत असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुटं वचन उचलणं. यिर्मया 29:11, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29व्या अध्यायाचं अकरावं वचन घ्या. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, हे वचन परीक्षांच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर हमखास फिरतं. त्याच्याच वरचं दहावं वचन मात्र कुणी पाठवत नाही. बाबेलची 70 वर्षं भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन, असं तिथे आहे. हे पत्र यिर्मयाने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान म्हणून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं. घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, म्हणजे मुक्काम लांबचा आहे. एक अध्याय मागे गेलात तर हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, असं तो लोकांना सांगतो आणि खोटा ठरतो. थोडक्यात, आपण यिर्मयाचं वचन हनन्याच्या अर्थाने पाठवत असतो! मग निकाल मनासारखा लागला नाही की पोरगं विचारतं, "देवाने दिलेल्या वचनाचं काय झालं?" श्रद्धा इथे डळमळते, त्यासाठी बाहेरचा टीकाकार लागत नाही.

म्हणून पुस्तिकेआधी बायबल उघडा आणि त्या वचनाचा अख्खा अध्याय वाचा. कोण बोलतंय, कुणाशी, कोणत्या परिस्थितीत, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. मत्तय 4 मध्ये येशूला मोहात पाडताना सैतानही स्तोत्र 91 मधली वचनं म्हणून दाखवतो, हे विसरू नका.

नुसतं गोड तेवढंच वाचणं हीदेखील चूकच. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तेही वाचा. दुःखात असलेल्या माणसाशी बोलताना तेच कामी येतं.

जानेवारीत बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करून लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकणारे पुष्कळ. वाचन तुंबलं तर मागची थकबाकी भरत बसू नका, आजच्या पानावर या. वर्षाचा बेत हवाच असेल तर नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या दुसऱ्या भागात, 260 अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला की 52 आठवड्यांत पुरा.

आता प्रश्नांकडे. "येशूच्या पुनरुत्थानाची गोष्ट नंतर रचली नसेल कशावरून?" असं कुणी विचारलं की "विश्वास ठेव" म्हणून विषय संपवू नका. 1 करिंथ 15:3-8 एकदा शांतपणे वाचून काढा. प्रेषित पौलाचं हे पत्र साधारण इ. स. 55 च्या सुमाराचं, म्हणजे येशूच्या वधस्तंभावरच्या मृत्यूनंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी लिहिलेलं. पौल त्यात केफा (म्हणजे पेत्र), बारा प्रेषित आणि याकोब यांची नावं घेतो. पाचशेहून अधिक बंधूंना प्रभू दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असंही लिहितो. जाऊन विचारा, असंच जणू त्याला म्हणायचंय. एवढ्याने समोरच्याला पटेलच असं नाही, पण बोलणं पुढे सरकतं.

आणि ग्रुपवर हमरीतुमरीवर येऊ नका. 1 पेत्र 3:15 मध्ये उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, तसं ते सौम्यतेने द्या असंही आहे. उत्तर येत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा, प्रश्न वहीत लिहा आणि रविवारी उपासना संपली की पाळकांना गाठा.