लॉकडाउनमध्ये घरातली दहावी-बारावीची मुलं: या चुका टाळा

2020 मध्ये कोरोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. 2021 मध्ये अख्खी परीक्षाच रद्द झाली आणि निकाल नववीचे गुण व शाळेतल्या मूल्यमापनावर लागला. अकरावीसाठी जाहीर केलेली सीईटीही ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. मुलं अभ्यासाला बसत होती, पण कशासाठी, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यात घरोघरी एक वाक्य ऐकू आलं: ‘मजा आहे बुवा तुमची, परीक्षा न देता पास!’ असं बोलू नका. मूल हसून सोडून देतं, पण आपली मेहनत फुकट गेली हे त्याच्या मनात राहतं. ‘तू केलेला अभ्यास मी पाहिलाय’ एवढंच म्हणा.

मोबाइलवरून होणारी भांडणं वेगळीच. एक-रूम-किचनमध्ये पाच माणसं असतील, तर मित्रांशी बोलायला मुलाकडे फोनशिवाय काय उरतं? शिवाय या वयात झोप मुळातच उशिरा लागते, तो आळस नव्हे. फोन हिसकावू नका, चॅट चोरून वाचू नका. संध्याकाळी तासभर गॅलरी किंवा गच्ची त्याला एकट्याला द्या. रात्री सगळ्यांचेच फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, बाबांचाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे लपवाछपवी. दुसऱ्या लाटेत आजोबा दवाखान्यात असायचे, आई स्वयंपाकघरात दबक्या आवाजात फोनवर बोलायची आणि मूल आत आलं की विषय बदलायची. मुलाला अर्धंच ऐकू यायचं, उरलेलं ते मनाने भरायचं आणि ते खऱ्याहून भयंकर असायचं. त्यापेक्षा सरळ सांगावं: ‘आजोबांना ऑक्सिजन लावलाय. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन येईल, तेव्हा तूही इथेच बस.’ पगार कापला गेला असेल तर तेही सांगा.

माणूस गेलं आणि अंत्यदर्शनही झालं नाही, तर मुलाच्या हातून काहीतरी घडू द्या: फोटोजवळ दिवा लावणं, तेराव्याला व्हिडिओ कॉलवर दोन आठवणी सांगणं. ‘तू आता मोठा झालास, आईला सांभाळ’ हे मात्र सोळा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर टाकू नका. आधी त्याला रडू द्या.

चिडचिड, दार आपटणं, उलट उत्तरं हे बहुतेक वेळा निवळतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जेवण-झोप बिघडली, मित्रांचे फोनही नकोसे झाले, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं कानावर आलं, तर रागावू नका, एकटं सोडू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. मुलाला स्वतःहून फोन करायचा असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. दोन्ही नंबर त्याच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या.