मंडळीला कुटुंब म्हणताना या चुका टाळा

बायबलच्या नव्या करारात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडीलधाऱ्यांना बापासारखे, वृद्ध स्त्रियांना आईसारखे, तरुणांना भावांसारखे आणि तरुणींना बहिणींसारखे मानावे, असे स्पष्टच सांगितले आहे. तरीही दर रविवारी ‘आपण सारे एक कुटुंब’ असे ऐकणाऱ्या कित्येक मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, माणसे वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसूनही एकमेकांना परकीच राहतात. याचे कारण बहुधा प्रेमाचा अभाव हे नसते. कामे, हक्क आणि तक्रारी यांची जी व्यवस्था कोणत्याही घराला लागते, ती मंडळीत कोणी लावलेलीच नसते.

तक्रार म्हणजे फूट, असे समजणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकूर ग्रीक भाषा बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांनी केली, हे नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नोंदलेले आहे. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, त्यांना ‘एकी बिघडवू नका’ असे बजावले नाही; सर्व शिष्यांना एकत्र बोलावून या कामासाठी सात जण निवडण्यास सांगितले. स्तेफन, फिलिप्प आणि इतर पाच अशा सातही जणांची नावे ग्रीक आहेत, त्यामुळे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले, असे मानायला जागा आहे. आज मात्र हिशेब विचारणारा ‘विश्वासात कच्चा’ ठरतो आणि दुखावलेल्या माणसाला क्षमेवरचे वचन ऐकवून परत पाठवले जाते. वार्षिक जमाखर्च लेखी मांडावा, आणि तक्रार कोणाकडे करायची व ती कोण तपासणार, हे भांडण उद्भवण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. पुढाऱ्याचे गैरवर्तन किंवा मुलांची सुरक्षितता असा प्रश्न असेल, तर ‘घरातली गोष्ट घरातच राहू द्या’ हे वाक्य कोणीही उच्चारू नये. गुन्हा घडला असल्यास पोलिसांकडेच जावे.

प्रार्थनेच्या आडून चहाडी

“अमक्या ताईंसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी काय चालले आहे ते तुम्हांला ठाऊक आहेच,” असा निरोप व्हॉट्सॲपच्या गटावर येतो, आणि ज्यांना ठाऊक नव्हते ते तासाभरात चौकशी करून सारे जाणून घेतात. ज्याची व्यथा आहे त्याची परवानगी घेतल्याशिवाय ती पुढे पाठवू नये, एवढा साधा नियमही पुष्कळ काम करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात अपराध करणाऱ्या भावाशी आधी एकांतात, नंतर एक-दोन जणांसह आणि शेवटी मंडळीसमोर बोलण्याचा क्रम दिला आहे. प्रत्यक्षात गोष्ट आधी मंडळीभर होते आणि संबंधित माणसाच्या कानावर सर्वांत शेवटी पडते. मात्र जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते, तिथे पीडित व्यक्तीला एकटीने भेटायला पाठवणे हे या वचनाचे पालन नव्हे.

स्वागत करून मोकळे होणे

उपासना संपताच ओळखीच्यांचे घोळके जमतात. नवा माणूस फलकावरच्या त्याच सूचना दोनदा वाचतो, हातातले पवित्र शास्त्र उगाच चाळतो आणि निघून जातो. टाळ्या वाजवून केलेले स्वागत तोवर विरलेले असते. त्याला खुर्च्या लावण्यापासून आजाऱ्यांच्या भेटीपर्यंतचे एखादे काम लवकर द्यावे, कारण आपल्यावाचून कोणाचे तरी अडते हे कळल्यावरच माणूस घरचा होतो. त्यासाठी दोन-तीन जुन्या घरांना वर्षानुवर्षे सांभाळलेल्या जबाबदाऱ्या सोडाव्या लागतील, आणि खरी अडचण बहुधा तिथेच असते. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्यासाठी, जमल्यावर एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन मस्त होई, यावर प्रेषित पौलाने आपल्या पत्रात दिलेला उपाय अगदी व्यवहारी होता: एकमेकांसाठी थांबा. अविवाहित, विधवा, विधुर आणि एकट्याने मुले वाढवणारे पालक यांचाही विचार याच कसोटीवर करावा. सारे कार्यक्रम जोडप्यांसाठीच आखले, तर त्यांनी कुठे बसायचे?

समेटाची घाई

दोघांना व्यासपीठावर बोलावून हस्तांदोलन करायला लावले की प्रश्न मिटला, असे मानू नये. युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना एकचित्त होण्याची विनंती करताना पौलाने फिलिप्पैच्या मंडळीतील एका सोबत्याला त्यांना साहाय्य करण्यास सांगितले, म्हणजे हे काम कोणीतरी धीराने करायचे आहे, हे त्याने गृहीत धरले होते. स्वतः पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा हे मार्क या तरुण सोबत्याला बरोबर न्यायचे की नाही या प्रश्नावरून इतके दुरावले की त्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र मार्कला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असा निरोप आढळतो. तेव्हा कोणी मंडळी सोडून गेल्यास त्याला नावे ठेवणे थांबवावे, त्याच्या घरी आजारपण किंवा दुःख आले तर भेटीला जावे, आणि त्या भेटीत परत येण्याचा विषय आपणहून काढू नये.