कोमेनियसच्या पद्धतीने चित्रपाठ कसा बांधावा

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बायांना आणि गुरुजींना यान आमोस कोमेनियस हा माणूस जवळचा वाटावा, असं मला मनापासून वाटतं. चित्रांतून भाषा शिकवणारं त्याचं ‘ऑर्बिस पिक्टुस’ हे मुलांचं पुस्तक १६५८ साली जर्मनीत न्युरेंबर्गला छापलं गेलं. त्यातला पाठ बांधायची रीत आजही जशीच्या तशी उचलता येते. कुडाळकडच्या माझ्या वर्गात घरी मालवणी बोलणारी मुलं येतात आणि पुस्तक प्रमाण मराठीत असतं. त्यांच्यासाठी मी हीच रीत वापरते.

हा मोरावियाचा, म्हणजे आजच्या चेक देशातला. जन्म १५९२चा. आईवडील लहानपणीच गेले आणि लॅटिन शाळेत जायला सोळावं वर्ष उजाडलं. तेव्हाच्या शाळा म्हणजे पाठांतर आणि छडी. पुढे त्याने त्यांना मुलांच्या बुद्धीचे कत्तलखाने म्हटलं. धर्मयुद्धात गाव सुटलं, १६२२च्या प्लेगमध्ये बायको आणि दोन्ही मुलं गेली. पोलंडमधल्या लेश्नोला आसरा मिळाला, तर १६५६ साली तेही शहर जळालं आणि चाळीसहून अधिक वर्षं जमवलेला चेक शब्दकोश हस्तलिखितातच राख झाला. त्यानंतर दोनच वर्षांत हे पुस्तक बाहेर आलं! मुलांनी शाळेला भिऊ नये, एवढ्यासाठी हा माणूस आयुष्यभर लिहीत राहिला.

१६३१मध्ये त्याने लॅटिन शिकवायला हजार वाक्यांत सुमारे आठ हजार शब्द गुंफलेलं पुस्तक काढलं होतं. ते युरोपभर गाजलं, पण लहानांना जड जात होतं. म्हणून ‘ऑर्बिस’मध्ये दीडशे चित्रं आली. वर लाकडी ठशाचं चित्र, चित्रातल्या वस्तूंवर आकडे, खाली दोन रकान्यांत लॅटिन आणि जर्मन मजकूर, आणि मजकुरात त्या-त्या शब्दापाशी तोच आकडा. न्हाव्याच्या पाठात न्हावी कात्रीने केस-दाढी कापतो, म्यानातून वस्तरा काढून हजामत करतो, साबणाने धुतो, टॉवेलने पुसतो, कधी शीर उघडून रक्तही काढतो. सुट्या शब्दांची यादी नाही, कामाची गोष्ट आहे. मुलाला ‘वस्तरा’ अडला तर त्याने आकडा पाहायचा आणि बोट चित्रावर न्यायचं. बाईंना विचारायची गरजच नाही. माझ्या मते पाठाचा सगळा जीव या आकड्यात आहे.

आता आपला पाठ. विषय मुलांच्या डोळ्यांसमोरचा घ्या आणि त्यात काहीतरी काम चाललेलं असू द्या. मी मिरगानंतर भाताची लावणी घेते. मोठ्या कार्डशीटवर आधी पेन्सिलने चित्र काढा. चित्रकला बेताची असली तरी चालतं, पण वस्तू ओळखू आली पाहिजे आणि एकीवर दुसरी चढता कामा नये. आठ-दहा वस्तू पुरेत. आकडे मार्करने ठळक, वस्तूच्या अगदी अंगावर घाला. लांब रेघा ओढून कडेला नेलेले आकडे लहान मुलांना सापडत नाहीत.

मग खाली दोन रकाने. डावीकडे मालवणी: ‘कुणग्यात १ पाणी आसा. आवस तरवो २ लायता. तिच्या डोक्यार इरला ३ आसा. बापूस जोत ४ धरता. मेरेर ५ कावळो ६ बसलो आसा.’ उजवीकडे मराठी: ‘खाचरात १ पाणी आहे. आई रोपं २ लावते. तिच्या डोक्यावर इरलं ३ आहे. बाबा नांगर ४ धरतात. बांधावर ५ कावळा ६ बसला आहे.’ घरचा रकाना डावीकडेच ठेवा आणि पहिल्यांदा तोच वाचू द्या. वाक्यं समोरासमोर आली पाहिजेत. एखादं वाक्य एका बाजूला दोन ओळींत गेलं तर दुसऱ्या बाजूला जागा मोकळी सोडा. तुमच्याकडे मुलं अहिराणी, कोरकू, गोंडी बोलत असतील, तर डावा रकाना गावातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

मजकूर लगेच उघडू नका. कोमेनियसने प्रस्तावनेत सांगितलंय की पुस्तक मुलांच्या हातात द्यावं, शाळेत यायच्या आधी घरीसुद्धा, आणि त्यांना हवी तशी चित्रं पाहू द्यावीत. मी पहिला दिवस खालचा भाग झाकून नुसतं चित्र लावते. मुलं आपणहून बोलतात, भांडतात, ‘आमच्या कुणग्यात इतक्या पाणी नसता’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी मजकूर. त्यानंतर मी आकडा म्हणते, ती वस्तूचं नाव सांगतात, मग उलट. चित्र वहीत उतरवायला लावायचंच. तेही त्याचंच सांगणं. मिळेल ती वस्तू प्रत्यक्ष दाखवावी, दुर्मीळ वस्तू शाळेत जपून ठेवाव्यात, हेही त्याने लिहिलंय. आमच्या वर्गात एक जुनं इरलं, म्हणजे पावसात डोकं-पाठ झाकायचं पानांचं आच्छादन, टांगलेलं आहे. आता सगळीकडे प्लॅस्टिक आल्यामुळे कित्येक मुलांनी ते पहिल्यांदा तिथेच डोक्यावर घेतलं.

अक्षरओळखीसाठी त्याचा तक्ता तर फारच गोड आहे. कावळा ‘आ आ’ करतो, कोकरू ‘बे ए ए’, कोंबडीचं पिल्लू ‘पी पी’, अस्वल ‘मुम मुम’. अक्षर आधी कानाने ओळखायचं. आपल्याकडे ‘भ’ला कुत्र्याचं भों भों, ‘च’ला चिमण्यांची चिवचिव, ‘ड’ला बेडकाचं डराव घ्या. ‘ण’ आणि ‘ळ’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत म्हणून मुलं तिथे अडतात. त्यांना घंटेची घणघण आणि व्हाळाची, म्हणजे ओढ्याची, खळखळ द्या, शेवटचा आवाज ओढून म्हणायला लावा.

चित्रात न दिसणाऱ्या गोष्टींचीही त्याने वाट काढली होती. माणसाचा आत्मा दाखवायला त्याने नुसत्या ठिपक्यांची मानवाकृती छापली. वारा, वास, भूक यांसाठी मी ठिपक्यांच्याच रेघा वापरते, आणि ठिपके म्हणजे ‘आहे पण दिसत नाही’ हे मुलं एकदा सांगितलं की विसरत नाहीत. त्याचं पुस्तक देवापासून सुरू होऊन अंतिम न्यायापाशी संपतं. तो क्रम आपल्याला घ्यायची गरज नाही.

तीन-चार पाठ झाले की पुढचं चित्र मुलांकडून काढून घ्या आणि आकडेही त्यांनाच घालू द्या. आकडा कुणी चुकीच्या वस्तूवर घातला तर तुम्ही खोडू नका. वाचणारा शेजारी अडेल आणि तोच दुरुस्त करून घेईल. तयार तक्ते मुलांचा हात पोचेल इतक्या खाली लावा, कारण बोट ठेवल्याशिवाय हा पाठ वाचताच येत नाही.