चाफ्यावरचा तांबेरा कसा आटोक्यात आणला

पुण्यात सहकारनगरमध्ये आमच्या कुंपणालगत पांढरा चाफा आहे. पावसाळा सरता सरता त्याच्या पानांवर वरून फिकट पिवळे ठिपके दिसत. पान उलटे केले, की खालच्या बाजूला नारिंगी भुकटीचे बारीक फोड असत आणि बोट फिरवताच ती भुकटी हळदीसारखी बोटाला लागे. हा 'कोलिओस्पोरियम प्लुमेरी' या बुरशीमुळे होणारा तांबेरा. त्याने झाड सहसा मरत नाही, पण पाने अकाली गळून ते रोडावते.

फवारणीपेक्षा मला झाडाची पानगळच अधिक उपयोगी पडली. चाफा हिवाळ्यात निष्पर्ण होतो आणि ही बुरशी तर पानांवरच वाढते. त्यामुळे गळलेले प्रत्येक पान कुंड्यांमागून, वळचणीतूनसुद्धा वेचून, कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात दिले. फेब्रुवारीत, नवे कोंब फुटण्यापूर्वी, आत वळलेल्या व एकमेकींना घासणाऱ्या फांद्या छाटल्या, जेणेकरून हवा खेळती राहील. चीक त्वचेला झोंबतो, म्हणून हातमोजे घालावेत. फुलांचे घोस फांद्यांच्या टोकांना येत असल्याने सरसकट छाटणी केल्यास तो बहर बहुधा हातचा जातो. पाणी फक्त बुंध्याशी, तेही सकाळी दिले. पानांवर नळी धरणे बंद केले.

पुढच्या पावसाळ्यात डाग आले, पण खालच्या मोजक्याच पानांवर. ती खुडल्यावर गंधकाच्या फवाऱ्याची गरज भासली नाही. शेजारच्या आवारातही चाफा असल्याने बीजाणू वाऱ्याबरोबर येतच राहणार, तेव्हा पाने उलटून पाहणे मात्र चालूच आहे.